गुंतवणूकदारांचा व्हिसा : पैसा सारखा, रांग वेगळी



मागच्या पालकसभेनंतर एक पालक मुद्दाम मागे थांबले. थोरला मुलगा अमेरिकेत एम.एस. करतोय, गावाकडची जमीन विकून हातात चांगली रक्कम आलेली. म्हणाले, "सर, तिकडे पैसे गुंतवले तर पोराला ग्रीन कार्ड मिळतं म्हणतात. पण एजंट सांगतो सात कोटी लागतील. जपानी, कोरियन माणसं तर याच्या कितीतरी कमी पैशात जातात! मग आपल्यालाच एवढे का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. चला, उत्तर नीट समजून घेऊ.

अमेरिकेत परदेशी गुंतवणूकदारासाठी मुख्यतः दोन दारं आहेत. एकाचं नाव ई-२, दुसऱ्याचं ईबी-५. लोक या दोघांची सरमिसळ करतात आणि तिथंच घोळ होतो.

पहिलं दार : ई-२

हे दार फक्त अशा देशांच्या नागरिकांना उघडतं, ज्यांचा अमेरिकेशी व्यापार व वास्तव्याबाबतचा करार आहे. जपानचा असा करार १९५३ सालचा. इस्रायलच्या नागरिकांना हा व्हिसा २०१९ पासून मिळू लागला. भारताचा असा करार नाही, चीनचाही नाही. म्हणजे आपला माणूस कितीही हुशार उद्योजक असो, भारतीय पासपोर्टवर तो ई-२ साठी अर्जच करू शकत नाही.

या व्हिसासाठी कायद्यात ठराविक किमान रक्कम नाही. धंद्याच्या मानाने 'भरीव' गुंतवणूक हवी, एवढंच. म्हणून लहान रेस्टॉरंट किंवा दुकान टाकणाराही यातून जाऊ शकतो. त्या पालकांनी ऐकलेली गोष्ट इथली होती. पण हा व्हिसा म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. धंदा चालू आहे तोवर मुक्काम वाढवून मिळतो, आणि मुलं २१ वर्षांची झाली की त्यांना आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही.

ई-२ च्या आकड्यांत जपान वर्षानुवर्षं आघाडीवर दिसतो. हे वाचून वाटेल, जपानी लोक धडाधड अमेरिकेत दुकानं टाकतात! तसं नाही. करार-देशातल्या कंपनीने अमेरिकेत गुंतवणूक केली, की त्याच देशाचे नागरिक असलेले तिचे व्यवस्थापक आणि तज्ज्ञ कर्मचारीही ई-२ वर जाऊ शकतात. टोयोटाचा केंटकीतला, होंडाचा ओहायोतला कारखाना आठवा. जपानी कंपन्यांनी पाठवलेली माणसं आणि त्यांची कुटुंबं त्या आकड्यात मोठ्या संख्येने असतात. तक्ता वाचताना नुसता आकडा न पाहता त्यात कोण कोण मोजलंय ते विचारायचं, हे आपण मुलांना सांगतोच की.

मध्यंतरी काही भारतीयांनी एक आडवाट शोधली. ग्रेनाडा हा कॅरिबियन बेटांवरचा छोटा देश पैसे गुंतवणाऱ्याला नागरिकत्व देतो, आणि त्याचा अमेरिकेशी करार आहे. म्हणून आधी ग्रेनाडाचं नागरिकत्व, मग ई-२! पण डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायद्यात बदल केला : असं पैशाने नागरिकत्व घेतलेल्याचं त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य हवं. शिवाय भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ग्रेनाडाचं घेतलं की आपलं गेलं. एजंट हे वाक्य फार हळू आवाजात म्हणतात.

दुसरं दार : ईबी-५

हे १९९० च्या कायद्याने उघडलं, आणि ते सर्व देशांसाठी आहे. पैसे गुंतवा, दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण करा, ग्रीन कार्ड घ्या. ते आधी दोन वर्षांचं, सशर्त. किमान रक्कम १० लाख डॉलर, मागास भागात ५ लाख. २०१९ च्या नोव्हेंबरात ५ चे ९ लाख झाले, कोर्टाने २०२१ मध्ये ती वाढ रद्द केली, आणि मार्च २०२२ च्या नव्या कायद्याने १० लाख ५० हजार आणि ८ लाख असे आकडे ठरले. एजंटचे सात कोटी म्हणजे हे ८ लाख डॉलर. वकिलाची आणि प्रकल्पवाल्यांची फी वेगळी.

आता गणित बघा. वर्षाला साधारण १०,००० व्हिसा. एका देशाला ७ टक्के, म्हणजे सुमारे ७००. त्यातही बायको-मुलं मोजली जातात. चौघांचं कुटुंब असेल तर चार व्हिसा खर्च. म्हणजे एका देशाचे वर्षाला पावणेदोनशे गुंतवणूकदार!

मग २०१४ मध्ये दहातले आठाहून जास्त व्हिसा एकट्या चीनला कसे मिळाले? इतर देशांनी न वापरलेले व्हिसा रांगेतल्या सर्वात जुन्या अर्जदारांना जातात, म्हणून. पण अर्ज एवढे वाढले की २०१५ पासून चीनची रांग तुंबली. २०१८ मध्ये व्हिएतनाम, २०१९ मध्ये भारत त्याच रांगेत आले. २०२५ मध्ये चीनच्या जुन्या गटात जवळजवळ दहा वर्षांपूर्वीच्या अर्जांचा नंबर लागत होता. या काळात तान्ही पोरं शाळेत गेली आणि काही मुलं २१ ओलांडून अर्जातूनच बाहेर पडली.

२०२२ च्या कायद्याने २० टक्के व्हिसा ग्रामीण प्रकल्पांसाठी राखून ठेवले. शिवाय नंबर खुला असेल तर आधीच अमेरिकेत असलेल्याला तिथूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा आणि एच-१बी वाल्यांचा ओढा इकडे का वळला, ते यावरून कळेल.

त्या पालकांना मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाच लाख. म्हणजे ८ लाखांना दोन आर्थिक वर्षं. जमीन विकल्याचं खरेदीखत, सातबारा, आयकराची विवरणपत्रं, सगळं दाखवावं लागतं. (चीनमध्ये ही मर्यादा ५० हजार डॉलर आहे, तिथे सगळे नातेवाईक कामाला लागायचे.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कायदा म्हणतो, पैसा जोखमीत असलाच पाहिजे. तेव्हा जो 'पैसे परत मिळण्याची शंभर टक्के हमी' देतो, तो एकतर खोटं बोलतोय किंवा अर्ज बाद होईल असं काहीतरी करतोय. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक या स्की रिसॉर्टच्या प्रकल्पांत अनेक देशांतल्या शेकडो कुटुंबांनी पैसे घातले होते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने तिथे मोठ्या गैरव्यवहाराचा खटला भरला. पैसा अडकला आणि ग्रीन कार्डही टांगणीला लागलं.

पालक गप्प झाले. मग म्हणाले, "सर, म्हणजे पोराचं शिक्षण पूर्ण होईस्तोवर थांबतो."

नववी-दहावीला हा विषय घेणार असाल तर एक कोडं वर्गात जरूर टाका. पुण्यात जन्मलेला, पण अनेक वर्षं तिथे राहून कॅनडाचा नागरिक झालेला उद्योजक आहे. त्याला ई-२ मागता येईल का? हो, कारण तिथे नागरिकत्व पाहतात. आणि ईबी-५ मध्ये तो कुठल्या रांगेत? भारताच्या! कारण तिथे जन्मदेश मोजतात. आता त्याची बायको टोरांटोत जन्मलेली आहे असं सांगा आणि पुन्हा विचारा. उत्तर बदलतं : पतीपत्नीपैकी एकाच्या जन्मदेशाची रांग दोघांना धरता येते.

माझ्या वर्गात हे ऐकून मागच्या बाकावरून लगेच हात वर आला : "सर, मग दोघं पुण्याचे असले तर?"