तोंडावर सांगावे कसे?

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी सकाळी फिरायला जातो. चालणे झाले की गप्पा रंगतात. काही वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आले, की मी बोलू लागलो की शेजारचा हळूच सरकून बसतो. मला वाटले, माझी राजकारणावरची मते त्यांना पटत नसावीत!

एके दिवशी परतताना त्यातला एक मित्र मुद्दाम मागे राहिला. आम्ही दोघेच आहोत असे पाहून म्हणाला, "अण्णा, रागवू नका. अलीकडे तुमच्या तोंडाला वास येतो. हिरड्यांचं काही असेल, एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवा." एवढेच बोलून त्याने विषय बदलला.

घरी पोहोचेपर्यंत माझे कान तापले होते. सौभाग्यवतींना विचारले, तर म्हणाल्या, "वर्ष झालं. पण तुम्हाला सांगायचं कसं?" वर्षभर जेवणानंतर त्या माझ्यापुढे बडीशेप आणि वेलदोडे ठेवत होत्या. मी तो पाहुणचार समजत होतो!

यात माझी चूक होती असे नाही. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि मग तो जाणवेनासा होतो. म्हणून स्वतःच्या तोंडाचा वास सहसा स्वतःला कळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बहुतेक वेळा हा वास पोटातून नव्हे, तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या भागावर, दातांच्या फटीत आणि हिरड्यांखाली जिवाणू असतात. अन्नाचे कण आणि मृत पेशी यांच्यातील प्रथिने कुजवून ते गंधकयुक्त वायू तयार करतात. सडक्या अंड्याला वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड त्यांपैकीच एक. लाळ तोंड धूत असते. झोपेत ती कमी होते, म्हणून सकाळी वास अधिक. उपासात आणि पाणी कमी प्यायल्यावरही तसेच. लसणाचे मात्र वेगळे. त्यातला वास रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर येतो, म्हणून दात घासूनही तो जात नाही. जीभ खरवडण्याची आपली जुनी रीत योग्यच आहे. चरकसंहितेतही तिचा उल्लेख आहे.

दातांच्या डॉक्टरांनी माझ्या हिरड्या पाहिल्या आणि रक्तातील साखर तपासायला सांगितली. ती बरीच वाढलेली निघाली. मधुमेहामुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. मित्र संकोचाने गप्प बसला असता, तर हे केव्हा कळले असते कोण जाणे.

सांगावे कसे, हे मी त्याच्याकडून शिकलो. एकांतात सांगावे, चारचौघांत कधीच नाही. समारंभाला किंवा मुलाखतीला निघालेल्या माणसाला ऐन दारात सांगू नये. आडून सुचवू नये, वेलदोड्याची भाषा समोरच्याला कळत नाही. "तुम्ही दात घासत नाही का?" असा आरोप करू नये. कारण सायनस, टॉन्सिल किंवा एखादे औषधही असू शकते. शब्द मोजके असावेत आणि त्यांच्यासोबत उपायाची वाट दाखवावी. वरिष्ठांना किंवा परक्या स्त्रीला सांगायचे असेल, तर त्यांच्या जवळच्या माणसाकरवी सांगावे. आणि एकदा सांगितले की तो विषय पुन्हा काढू नये. निनावी चिठ्ठी तर नकोच. ती कुणी लिहिली, याच विचाराने माणूस सगळ्यांपासून तुटतो.

ऐकणाऱ्याचेही एक काम आहे. पहिल्या क्षणी राग येतो, मलाही आला होता. तो गिळावा आणि "बरं झालं सांगितलंत" एवढे म्हणावे. मला ते म्हणायला आठ दिवस लागले. तोवर माझा मित्र, आपण चूक तर केली नाही ना, या काळजीत होता. सांगणाऱ्याला किती धीर गोळा करावा लागतो, हे मला तेव्हा कळले.