आधी पोट, मग प्रतिष्ठा? कार्यप्रेरणेच्या सिद्धान्तांभोवतीचे गैरसमज

अन्न-निवाऱ्यापासून सुरुवात करून सुरक्षितता, आपुलकी, प्रतिष्ठा आणि अखेरीस आत्मसिद्धी, म्हणजे अंगच्या क्षमता पूर्णत्वास नेण्याची ओढ, अशी गरजांची उतरंड अब्राहम मॅस्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या नावावर पाठ्यपुस्तकांत त्रिकोणाच्या रूपाने छापली जाते. तिचा रूढ अर्थ गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीसारख्या तालुक्यातील श्रमिकांच्या बाबतीत विशेष अन्यायकारक ठरतो, कारण ज्याचे हातावर पोट आहे त्याला मानाची किंवा स्वतःच्या मताची गरज भासतच नाही, असा सोयीचा निष्कर्ष त्यातून काढता येतो.

मॅस्लोने ही मांडणी १९४३ मध्ये ज्या लेखात केली, त्यात त्रिकोण नाही. ती आकृती पुढे व्यवस्थापनविषयक लेखनातून रूढ झाली. एक पायरी पूर्ण झाल्यावाचून दुसरी सुरू होत नाही, हा समज तर त्याने त्याच लेखात खोडून काढला होता. सर्वसाधारण माणसाची शारीरिक गरज ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, आत्मसन्मानाची ४० आणि आत्मसिद्धीची १० टक्के भागलेली असू शकते, असे उदाहरण देऊन हे आकडे केवळ समजावण्यापुरते असल्याचेही त्याने नमूद केले. पुढे २०११ मध्ये लुई टे आणि एड डीनर यांनी १२३ देशांतील माहिती तपासली, तेव्हा मूलभूत गरजा अपुऱ्या असतानाही आपुलकी आणि मान यांमुळे माणसाच्या समाधानात भर पडते, असे दिसून आले.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमज मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गच्या नावाने पसरला आहे, तो म्हणजे पैशाने माणूस कामाला प्रवृत्त होत नाही, सबब वेतनाचा विचार गौण. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात वेतन, देखरेख, कामाची परिस्थिती यांना ‘आरोग्य घटक’ म्हटले आहे. त्यांच्या अभावी असंतोष वाढतो, मात्र ते मिळाले म्हणून कामात गोडी निर्माण होतेच असे नाही, ती यश, कदर आणि जबाबदारी यांतून येते, असे त्याचे म्हणणे. वेतन कमी ठेवले तरी चालते, असे यातून मुळीच निघत नाही. शिवाय हा अभ्यास पिट्सबर्ग परिसरातील २०३ अभियंते व लेखापाल यांचा होता, हेही सहसा सांगितले जात नाही.

गावपातळीवर आरोग्यसेवा देणाऱ्या आशा स्वयंसेविकांच्या संदर्भात ही गफलत ठळक दिसते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेले हे पद नावाने स्वयंसेवेचे आणि मोबदला कामनिहाय. घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करण्याच्या ठरावीक भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये मिळतात. या कामाची पद्धत मुळात गडचिरोली जिल्ह्यातच ‘सर्च’ संस्थेच्या ३९ गावांतील प्रयोगातून सिद्ध झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले; कर्तृत्वाचे समाधान या कामात भरपूर आहे. तरीही राज्यभरातील आशांनी २०२३-२४ मध्ये मानधनवाढीसाठी संप केला. सेवाभाव आणि रास्त मोबदल्याची मागणी यांत विसंगती पाहणाऱ्यांनी हर्झबर्ग अर्धाच वाचलेला असतो.

तिसरा समज मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसीच्या प्रयोगांतून आला. कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी पुढे आपखुशीने कोडी कमी सोडवतात, असे १९७१ मध्ये दिसल्यावर बक्षिसामुळे आवड मरते, हे जणू सर्वत्र लागू असल्यासारखे मांडले जाऊ लागले. मात्र १९९९ मध्ये डेसी व सहकाऱ्यांनी १२८ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा हा परिणाम मुळात रंजक असलेल्या कामांपुरताच आढळला. ऐन उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडणे, सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधणे आणि शेकड्याच्या दराने फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देणे यात कोड्याची मजा नाही. तेथे दर वाढला की तोडाई वाढते, आणि त्यात गैर काहीच नाही.

डेसी आणि रिचर्ड रायन यांची खरी देणगी वेगळी आहे. स्वायत्तता, क्षमतेची जाणीव आणि नातेसंबंध या तीन गरजा प्रत्येकाला असतात, असे ते म्हणतात, आणि स्वायत्तता म्हणजे एकटेपणा नव्हे, तर आपले काम आपल्या संमतीने चालणे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तिला स्वतःचा बांबू विकता आला. बांबू तोडणारा तेव्हा मजूर राहिला तरी विक्रीच्या निर्णयात सहभागी झाला. अर्थात निर्णयासोबत जोखीमही ग्रामसभेकडे येते, आणि व्यापाऱ्याने पैसे थकवले तर ती किती जड असते हे प्रेरणेच्या पुस्तकांत आढळत नाही.

चामोर्शी तालुक्यात कोनसरीच्या लोहप्रकल्पामुळे मासिक पगाराची नोकरीही आता तेंदू-बांबूसारख्या कामांच्या शेजारी आली आहे. स्टेसी अॅडम्स याने १९६३ मध्ये मांडलेल्या समन्याय सिद्धान्तानुसार माणूस आपले श्रम आणि मोबदला यांचे प्रमाण इतरांच्या प्रमाणाशी ताडून पाहतो, त्यामुळे एकाचा पगार वाढला, की दुसऱ्याच्या मिळकतीत एक पैसाही न घटता त्याचा कामातील उत्साह ओसरू शकतो.