नाण्यांवरील स्त्री : प्रतिमा आणि नाव

नाणे हे केवळ देवघेवीचे साधन नव्हे. राज्यसंस्थेने आपल्या अधिकाराने काढलेले आणि हातोहाती फिरणारे ते एक जाहीर निवेदनच असते. राज्य कोणाला मान देते व स्वतःची ओळख कोणाच्या नावाने सांगते, हे नाण्यावरून कळते. म्हणूनच भारतीय चलनावर स्त्रीला कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्याचा विचार करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. स्त्रीची प्रतिमा असणे ही एक गोष्ट आणि तिचे नाव असणे ही दुसरी.

मातेच्या नावाने ओळख

१९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षत्रप नहपान याची होती. त्याचा पराभव केल्यानंतर सातवाहन राजा सातकर्णी याने त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर आपला ठसा पुन्हा उमटविला. या ठशात तो स्वतःला ‘गोतमीपुत्र’ म्हणवितो. पुढील काही सातवाहन राजांच्या नाण्यांवर ‘वासिष्ठीपुत्र’ अशी बिरुदे आढळतात. राजाचा अधिकार पित्याकडून आला असला, तरी नाण्यावर त्याची ओळख मातेच्या नावाने सांगितली जात होती, ही बाब उल्लेखनीय आहे.

गुप्तकाळात याच्या पुढचे पाऊल दिसते. चंद्रगुप्त पहिला व त्याची लिच्छवी कुळातील राणी कुमारदेवी यांच्या प्रतिमा सुवर्णनाण्यांवर एकत्र आहेत आणि दोघांचीही नावे त्यांवर कोरलेली आहेत. दिल्लीच्या सिंहासनावर १२३६ ते १२४० या काळात बसलेल्या रझिया सुलताननेही नाणी पाडली. जहांगीर बादशहाच्या अखेरच्या वर्षांतील काही नाण्यांवर बेगम नूरजहान हिचे नाव आले.

राज्यकारभार स्त्रीच्या हाती असूनही नाण्यावर तिचे नाव नसावे, असेही घडले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या काळातील नाण्यांवर तत्कालीन प्रथेप्रमाणे मोगल बादशहा शाहआलम याचे नाव असे. अहिल्याबाईंच्या शिवभक्तीची खूण म्हणून शिवलिंग व बिल्वपत्र ही चिन्हे मात्र त्यांवर दिसतात. उलट, १८४० पासून साठ वर्षे भारतातील नाण्यांवर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा होती. पण या देशातील सामान्य स्त्रीला त्या काळात मतदानाचा हक्कही नव्हता. नाण्यावरील प्रतिमेवरून समाजातील स्त्रियांच्या स्थितीचा निष्कर्ष काढता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्यानंतर

१९५० साली प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर राजमुद्रेच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. पुढे १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानिमित्त ‘समता, विकास, शांतता’ या आशयाची, तर १९८० साली ग्रामीण महिलांच्या प्रगतीचा विषय घेऊन नाणी काढण्यात आली. त्यांत दहा व पंचवीस पैशांची लहान नाणीही होती. विषय स्त्रीचा होता. परंतु कोणा एका स्त्रीचे नाव त्यांवर नव्हते. १९८५ साली दिवंगत पंतप्रधान इंदिरा गांधी यांची मुद्रा असलेली पन्नास पैशांची व पाच रुपयांची नाणी निघाली आणि ही उणीव प्रथम दूर झाली. त्यानंतर संत अल्फोन्सा (२००९), मदर तेरेसा (२०१०), बेगम अख्तर (२०१४) व राणी गाइदिन्ल्यू (२०१५) यांच्या स्मरणार्थ नाणी काढण्यात आली. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी तीनशे रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. त्यांच्या स्वतःच्या नाण्यांवर नसलेले नाव अशा रीतीने प्रजासत्ताकाच्या नाण्यावर आले. तथापि, एवढ्या मूल्याची स्मारक नाणी संग्राहकांसाठी असतात. ती बाजारात फिरत नाहीत आणि गावातील शाळकरी मुलीच्या हाती सहसा पडत नाहीत.

नोटांची स्थिती याहून वेगळी आहे. १९९६ पासूनच्या मालिकांत रिझर्व्ह बँकेच्या नोटांच्या दर्शनी बाजूस महात्मा गांधींचे चित्र आहे. कोणाही स्त्रीचे व्यक्तिचित्र आजवर तेथे आलेले नाही. नोटांच्या रचनेला रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीनंतर केंद्र शासन मान्यता देते. २०१८ साली निघालेल्या शंभराच्या जांभळट नोटेच्या मागे गुजरातमधील पाटण येथील ‘रानी की वाव’ ही पायऱ्यांची विहीर आहे. अकराव्या शतकात राणी उदयमतीने पती भीमदेव याच्या स्मरणार्थ ती बांधविली, असे मानले जाते. ही नोट कोट्यवधी लोक रोज हाताळतात. तीवर ‘राणी’ आहे, पण उदयमतीचे नाव नाही.

नावाचे महत्त्व

चलनाची रचना ठरविणे ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या हाती नाही. नावाची नोंद मात्र त्यांच्याच हाती आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहावयाचे आहे. गोतमीपुत्राच्या नाण्यांवरील जुनी रीत वेगळ्या स्वरूपात जन्मनोंदीच्या व शाळेच्या पटावर परतत आहे. ही नोंद करताना आईचे नाव अचूक व पूर्ण लिहिले जाईल, याची दक्षता ग्रामसेवक व शिक्षक यांनी घेतली पाहिजे. इतिहासाच्या तासाला एखादे नाणे व शंभराची नोट मुलांपुढे ठेवून ‘येथे कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही?’ एवढा प्रश्न विचारला, तरी पुष्कळ साधेल.