प्रतलात विणलेले रेणू

1920 साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनज्ञाने, रबरासारखे पदार्थ हे लहान रेणूंचे सैल जमाव नसून सहस्रावधी एकके सहसंयुज बंधांनी एकापुढे एक जोडली जाऊन सिद्ध झालेल्या प्रदीर्घ साखळ्या होत, असे प्रतिपादन केले, तेव्हा समकालीन पंडितांनी ते सहजासहजी कबूल केले नाही. पुढे 1953 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर बहुवारिकांचा सारा उद्योग याच साखळीच्या पायावर उभा राहिला होता. परंतु साखळी एकाच दिशेने वाढते. सुताऐवजी वस्त्रच, आणि तेही एका रेणूच्या जाडीचे, रसायनाने विणता येईल काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. 2004 साली मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचा एकेरी पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, वेगळा काढून दाखविला खरा. पण निसर्गाने रचलेला पापुद्रा सोलणे निराळे आणि मनाजोगती एकके निवडून तो रचणे निराळे.

अडचणीचे मूळ बंधाच्या स्वभावात आहे. साखळीतले एखादे एकक वाकडे बसले तरी साखळी अखंड राहते. जाळ्यातले एकक प्रतलाबाहेर वळले, की पुढची वाढ भलत्या दिशांना फाटे फोडते आणि हाती येतो तो अस्ताव्यस्त, अविद्राव्य गोळा. यावर तोड म्हणजे जुळलेल्या बंधाला पुन्हा सुटण्याची मुभा ठेवणे. 2005 साली ओमर याघी व त्यांचे सहकारी यांनी बोरॉनिक आम्लांपासून याच मार्गाने सच्छिद्र, स्फटिकी चौकटी घडविल्या. चुकीचा बंध सुटे, योग्य तो टिके आणि थरांची रचना हळूहळू शिस्तीत येई. मात्र दुरुस्तीसाठी सुटणारा बंध पाण्याच्या संपर्कानेही सुटतो, आणि हवेतल्या दमटपणाने विरणाऱ्या चौकटीचा व्यवहारात काय उपयोग?

या पेचातून निघालेली एक वाट पुण्यातून गेली, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने 2012 साली अशी एकके निवडली, की त्यांच्यातील पहिली अभिक्रिया उलटणारी असल्याने रचनेला सावरण्यास अवसर मिळावा आणि तिच्या पाठोपाठ रेणूच्या अंतर्गत फेररचनेने तो बंध असा कायम व्हावा, की त्याला परतीची वाट उरू नये. ही चौकट उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही अभंग राहिली. सुव्यवस्था आणि टिकाऊपणा यांचा तंटा दोन पायऱ्यांत मिटविणारी ही युक्ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणी वाटते. पुढच्याच वर्षी याच गटाने हे पदार्थ द्रावकाची मदत न घेता, साध्या खलात घोटून सिद्ध केले. घोटता घोटता पिवळसर भुकटी गडद तांबडी होते, तो रंगच अभिक्रियेचा दाखला.

झुरिक येथे डीटर श्ल्यूटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळीच तजवीज केली. ॲन्थ्रासीनच्या तीन पात्या असलेले रेणू त्यांनी आधी स्फटिकात थराथराने बसविले आणि मग त्यांवर प्रकाश सोडला. जागा पूर्वीच नेमलेल्या असल्यामुळे शेजारी शेजाऱ्यालाच जोडला गेला. 2012 साली असे थर द्रावकात सुटे करण्यात आले आणि 2014 मध्ये झुरिक व अमेरिकेतील रेनो येथील गटांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्येक अणूचे स्थान निश्चित करून, प्रतल खरोखरच प्रतल आहे, याचा बिनतोड पुरावा दिला.

2022 साली मात्र एमआयटीमध्ये मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने, न उलटणाऱ्या बंधांनी, द्रावणात आणि खोलीच्याच तापमानाला, मेलामाइनपासून द्विमितीय पॉलिअ‍ॅरामाइड घडविले. या ताठर चकत्या हायड्रोजन बंधांच्या आधाराने एकीवर एक रचल्या जातात. या पदार्थाची घनता पोलादाच्या सुमारे एक षष्ठांश, पण त्याला कायमचे विरूपित करण्यास लागणारा ताण पोलादाच्या दुप्पट! शिवाय साखळ्यांच्या प्लॅस्टिकमधून वायू फटींवाटे झिरपतात, तसे यातून झिरपत नाहीत. म्हणून धातूंना गंजापासून राखणाऱ्या अतिशय पातळ लेपासाठी त्याचा विचार चालू आहे. श्ल्यूटरच्या थरांइतकी अणूगणिक सिद्ध झालेली शिस्त आणि द्रावणातून हवे तितके पसरविण्याची ही सुलभता एकाच पदार्थात आणणे, हे काम अद्याप व्हावयाचे आहे.