हवा गाळणी, मोटारगाडीची

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात ज्वलनासाठी ओढल्या जाणाऱ्या हवेतील धूळ, भुसा, कीटक इ. पदार्थ वाटेतच अडवून ठेवणारे साधन. धुळीने भरत जाणे हेच हिचे कार्य असल्यामुळे ठराविक काळाने ती बदलावी लागते. ही वेळ केवळ धावलेल्या किलोमीटरांवरून ठरत नाही. गाडीने किती धूळ ओढली, यावर ती मुख्यत्वे अवलंबून असते.

हवेचे प्रमाण : पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने त्याच्या सु. १४.७ पट हवा लागते. त्यामुळे १ लिटर पेट्रोल जाळताना एंजिन सु. ९ घ.मी. हवा ओढते. लिटरला १५ किमी. जाणारी गाडी १०,००० किमी. धावली, तर तिच्यातून सु. ६,००० घ.मी. हवा जाते. डीझेल एंजिनात ज्वलनास आवश्यक असते त्यापेक्षा बरीच अधिक हवा घेतली जात असल्याने हे प्रमाण आणखी वाढते.

डांबरी रस्त्यावर १ घ.मी. हवेत सरासरी १ मिग्रॅ. धूळ आहे असे धरल्यास वरील १०,००० किमी.च्या प्रवासात गाळणीवर सु. ६ ग्रॅ. धूळ येईल. कच्च्या रस्त्यावर पुढील वाहनाच्या मागोमाग जाताना हेच प्रमाण १०० मिग्रॅ. धरले, तर तेवढीच धूळ अवघ्या १०० किमी.त गोळा होईल. म्हणजे अंतरमापकावर सारखाच आकडा दाखविणाऱ्या दोन गाड्यांच्या गाळण्यांची स्थिती अगदी भिन्न असू शकते.

धुळीचे परिणाम : धुळीतील खनिज कण एंजिनास विशेष घातक असतात. बेसाल्ट खडकातील फेल्स्पार व पायरोक्सीन या खनिजांची कठिनता मोस मापात सु. ५.५ ते ६.५ आणि क्वॉर्ट्‌झची ७ असते. सिलिंडराचे बिडाचे अस्तर आणि धारव्यांचे मऊ मिश्रधातू यांहून ही खनिजे कठीण असतात. सु. १ ते २० मायक्रोमीटर आकाराचे कण वंगण तेलाच्या पातळ थराएवढेच जाड असल्याने दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांच्यामध्ये शिरून घासकागदासारखे काम करतात. झीज वाढली की संपीडन कमी होते, वंगण तेल जळू लागते व शेवटी एंजिन उघडून सिलिंडर पुन्हा कातून घ्यावे लागतात. हा खर्च गाळणीच्या किंमतीच्या कित्येक पट असतो. वाहनावरच उदरनिर्वाह असलेल्या कुटुंबास तर कामाचे दिवसही गमवावे लागतात. वंगण तेलाच्या रासायनिक परीक्षणात सिलिकॉनाचे प्रमाण वाढलेले आढळणे, ही एंजिनात धूळ शिरत असल्याची महत्त्वाची खूण मानतात.

प्रकार : जुन्या जीपगाड्यांत व ट्रॅक्टरांत तेलकुंडाची गाळणी वापरीत. तीत हवा तेलावर आपटून दिशा बदलते, जड कण तेलात राहतात आणि उरलेले कण तेलाने भिजलेल्या जाळीत अडकतात. ही गाळणी बदलावी लागत नाही. तेल व जाळी मात्र वेळोवेळी स्वच्छ करावी लागतात. आधुनिक मोटारगाड्यांत रेझीन चढविलेल्या कागदाच्या किंवा कृत्रिम तंतूंच्या घड्यांची कोरडी गाळणी असते. घड्यांमुळे थोड्या जागेत मोठे पृष्ठफळ मिळते. चांगली कागदी गाळणी वजनाने सु. ९९ टक्के वा त्याहून अधिक धूळ अडविते. अशा गाळण्यांच्या चाचणीसाठी ‘आयएसओ ५०११’ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात.

भरत जाणाऱ्या गाळणीचे वर्तन : कागदावर साचलेला धुळीचा थर स्वतःच गाळण्याचे काम करू लागतो. त्यामुळे थोडी वापरलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षा सूक्ष्म कण अधिक चांगले अडविते. मात्र थर वाढतो तसा हवेला होणारा रोधही वाढतो. जड डीझेल एंजिनांवर हा रोध दाखविणारा दर्शक बसवितात. पुष्कळ एंजिनांत पाण्याच्या सु. ६३५ मिमी. स्तंभाइतका (सु. ६.२ किलोपास्काल) रोध झाला की त्यावर लाल पट्टी दिसते व गाळणी बदलावी लागते. बहुतेक खाजगी मोटारगाड्यांत असा दर्शक नसतो.

गाळणी भरली की इंधन जास्त लागते, हा समज कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत बराचसा खरा होता. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत मात्र संगणकनियंत्रित इंधन अंतःक्षेपण असलेल्या पेट्रोल गाड्यांच्या इंधन खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्यास लागणारा वेळ तेवढा वाढला. हवा कमी आली की इंधनही त्या प्रमाणात कमी सोडले जाते, हे याचे कारण होय. म्हणून आजच्या गाडीत इंधनाचा खर्च वाढण्याची वाट पाहणे योग्य ठरत नाही.

स्थानिक परिस्थिती : वाशिम जिल्ह्यातील केनवड (रिसोड तालुका) परिसराचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. येथील काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. पावसाळ्यात ती चिकट असते. पण वाळल्यावर भेगाळते आणि पांदण रस्त्यांवर चाकांखाली भरडली जाऊन तिचा फुफाटा होतो. ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीत उडणारे कुटार व धूळ, पुढे तूर व हरभरा यांची मळणी आणि त्यानंतर उन्हाळा, असा धुळीचा काळ पावसाळ्यापर्यंत चालतो. कुटाराचे तुकडे आकाराने मोठे व मऊ असल्याने झीज फारशी करीत नाहीत, परंतु घड्यांची तोंडे लवकर बुजवितात. याउलट फुफाट्यातील सूक्ष्म कण कागदाच्या आत रुततात व झटकून निघत नाहीत.

बदलण्याची वेळ : अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत सामान्य रस्त्यांसाठी सु. २०,००० ते ४०,००० किमी.ची मर्यादा दिलेली असते व धुळीच्या प्रदेशात ती कमी करण्याची सूचना असते. केनवडसारख्या भागात सोयाबीनची मळणी आटोपल्यावर एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, अशी वर्षातून किमान दोन वेळा गाळणी तपासणे इष्ट होय. रोज पांदण रस्त्याने जाणाऱ्या गाडीची तपासणी त्याहून लवकर करावी.

केवळ रंग काळवंडला म्हणून गाळणी निकामी ठरत नाही. घड्यांच्या तळापर्यंत धूळ दाटली असेल, मागे दिवा धरल्यावर बहुतेक भागांतून उजेड येत नसेल, गाडी चढावर किंवा भार असताना दमत असेल अथवा डीझेल गाडीतून काळा धूर येत असेल, तर गाळणी बदलावी. कागद फाटला असेल, ओला वा तेलकट झाला असेल किंवा कडेची रबरी पट्टी कडक झाली असेल, तर किती किलोमीटर झाले याचा विचार न करता ती बदलावी. एंजिनाकडील स्वच्छ नळीत धूळ आढळणे ही सर्वांत गंभीर खूण होय; अशा वेळी गाळणीबरोबर पेटीची बैठक, नळ्या व पकडी हेही तपासावे लागतात.

स्वच्छता : कागदी गाळणी पाण्याने वा रॉकेलने धुऊ नये, तसेच आपटू नये. निर्मात्याची अनुमती असल्यास कमी दाबाची हवा आतील बाजूकडून बाहेर सोडता येते. जोराच्या झोतामुळे कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात व त्यांतून धूळ थेट सिलिंडरात जाते. वारंवार पेटी उघडल्याने उपयुक्त धूळथर नाहीसा होतो आणि बैठक सैल होण्याचा संभव वाढतो. भरलेल्या गाळणीमुळे गाडीची शक्ती घटते; परंतु फाटलेल्या किंवा काढून टाकलेल्या गाळणीमुळे एंजिनाचे आयुष्यच घटते. नवी गाळणी मिळेपर्यंत गाळणीशिवाय गाडी चालविण्यापेक्षा भरलेली गाळणी तशीच ठेवून सावकाश चालविणे त्यामुळेच कमी हानिकारक ठरते.