झोतांचे प्रारूप: एक गोळा पुरेसा नाही

लेखमाला: ऊर्जावान विश्व (लेखांक ६)

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातून निघणारे झोत मागील लेखात पाहिले. त्यांतले गॅमा किरण नेमके कुठे उपजतात, हे कोणतीही दुर्बीण थेट दाखवू शकत नाही. हाती येतात ते तेजाचे चढउतार, आणि त्यांवरूनच प्रारूप रचावे लागते. जुलै २००६ मध्ये नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींना ‘पीकेएस २१५५-३०४’ हा अशाच एका दीर्घिकेतला स्रोत सुमारे २०० सेकंदांत दुप्पट उजळताना दिसला. तेवढ्या वेळात प्रकाश ६ कोटी किलोमीटर जातो, म्हणून उगम त्याहून मोठा असू नये. पण त्या दीर्घिकेच्या केंद्रातले कृष्णविवर अंदाजे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे धरले, तर त्याचीच त्रिज्या ३०० कोटी किलोमीटर भरते. शिवाय इतक्या दाट जागेतले गॅमा किरण इतर प्रकाशकणांवर आदळून बाहेर पडण्याआधीच नष्ट झाले असते. या पेचातून वाट एकच निघते: झोत जवळजवळ प्रकाशवेगाने आपल्याच रोखाने येत आहे. त्यामुळे आपल्याला काळ आकसलेला आणि तेज वाढलेले दिसते. आकसण्याचे हे प्रमाण पन्नास पट हवे असेल, तर वेग प्रकाशवेगाच्या ९९.९ टक्क्यांहून अधिक असावा लागतो.

सर्वांत साधे प्रारूप झोतात एकच गोळा मानते. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरून क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश देतात आणि त्याच प्रकाशकणांना धडकून त्यांना गॅमा ऊर्जेपर्यंत चढवतात. यावर आक्षेप असा की त्रिज्या, क्षेत्र, वेग अशा राशी हव्या तशा निवडून कोणताही आलेख जुळवता येईल. एकाच पट्ट्यातील निरीक्षणांपुरता तो खरा आहे. मात्र क्ष-किरण आणि गॅमा किरण एकाच वेळी मोजले, तर ही मोकळीक बरीच आक्रसते. म्हणूनच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने माउंट अबूच्या ‘टॅक्टिक’ या गॅमा किरण दुर्बिणीतून ‘मार्केरियन ४२१’ या अशाच दुसऱ्या स्रोतावर ठेवलेली नजर मोलाची आहे. त्याच केंद्राची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ ही गॅमा किरण दुर्बीण लडाखमधील हानले येथे सुमारे ४,२७० मीटर उंचीवर असून तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रेडिओ निरीक्षणांत अशा अनेक झोतांतल्या गाठी प्रकाशवेगाच्या आसपास किंवा त्याहूनही हळू सरकताना दिसतात. झोत अगदी आपल्यावरच रोखलेला असेल तर गती कमी भासते हे खरे, पण सगळेच झोत इतके नेमके रोखलेले असणे संभवत नाही. तेव्हा झोताला थर असावेत, आत वेगवान गाभा आणि भोवती संथ आवरण. किंवा बाहेर जाता जाता तो मंदावत असावा. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना ज्या कमी वारंवारतेच्या लहरी टिपतात, त्याही एक गोळा पुरेसा नसल्याचेच सुचवतात. इवल्याशा गोळ्यात त्या लहरी तिथेच शोषल्या जातील. त्या दूरच्या, पसरलेल्या झोतातूनच येऊ शकतात.

म्हणून केवळ गॅमा किरणांशी जुळणारे प्रारूप अपुरेच मानले पाहिजे. हानले आणि खोडद या दोन्ही टोकांच्या मोजमापांचा हिशेब जे एकाच झोतात मांडू शकेल, तेच विश्वासार्ह.