विश्लेषण : कारागृहात हेपेटायटिस सीची तपासणी का महत्त्वाची? तिचा राहू बेटाशी काय संबंध?

अटक, पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी आणि जामीन. दौंड किंवा शिरूर तालुक्यातील गुन्ह्यातला आरोपी या वाटेने जातो, तेव्हा त्याचे काही आठवडे किंवा महिने पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात जाऊ शकतात. नंतर तो राहू बेटातल्या किंवा भीमेपलीकडच्या आपल्या गावी परततो. हेपेटायटिस सीचा विषाणू रक्तात असेल, तर तोही त्याच्यासोबत जातो-येतो. हा आजार आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी-उपचार मोफत आहेत. तरीही कारागृहाच्या दारावर ही साखळी तुटण्याचा धोका मोठा आहे.

हेपेटायटिस सी म्हणजे नेहमीची कावीळ का?

नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ प्रामुख्याने हेपेटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. हेपेटायटिस सी रक्तातून पसरतो. बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, भूकही मंदावत नाही. त्यामुळे गावाकडे काविळीसाठी झाडपाल्याचे औषध घेण्याचा प्रश्नही येत नाही, कारण आजार झाल्याचे कळतच नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप जातो. उरलेल्यांमध्ये तो वर्षानुवर्षे यकृतात राहतो. त्यांच्यापैकी १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत यकृताचा सिरॉसिस होण्याचा धोका असतो. पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्या शोधासाठी हार्वे अल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हेपेटायटिस बीवर लस आहे, सीवर अजून नाही.

कारागृहातच धोका जास्त का?

इंजेक्शनने नशा करताना एकच सुई अनेकांनी वापरणे, निर्जंतुक न केलेल्या सुईने गोंदवून घेणे, दुसऱ्याचे दाढीचे ब्लेड वापरणे हे लागणीचे ठळक मार्ग आहेत. नशेच्या गुन्ह्यांत अडकलेले अनेक जण कारागृहात येण्यापूर्वीच बाधित असतात. आत गर्दी असते आणि ब्लेडसारख्या वस्तू हातोहात फिरू शकतात. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील २०१६ च्या अभ्यासानुसार जगभरातील कैद्यांपैकी सुमारे १५ टक्के जणांना हेपेटायटिस सीची लागण झालेली होती.

महाराष्ट्रातील कारागृहांत क्षमतेच्या दीडपटीहून अधिक कैदी असल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी सांगते. त्यांच्यातील पाचपैकी जवळपास चार कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आहेत. येरवड्याची अधिकृत क्षमता २,४४९ असून तिथे त्याच्या दुपटीहून अधिक बंदी राहिले आहेत.

एकत्र जेवणे, हस्तांदोलन, एकाच बराकीत झोपणे यातून मात्र हा आजार पसरत नाही. त्यामुळे बाधित कैद्याला वेगळे ठेवण्याचे वैद्यकीय कारण नाही.

तपासणी कशी होते?

दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधली जातात. निकाल साधारण २० मिनिटांत मिळतो. पण प्रतिपिंडे सापडली म्हणजे आजार आहेच असे नाही. विषाणू केव्हाच निघून गेलेल्या किंवा बऱ्या झालेल्या माणसातही ती आयुष्यभर राहू शकतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यात विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, रक्तात आहे का ते पाहतात. ते सापडले तरच उपचार सुरू होतात.

कारागृहात अडचण येते ती या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल यायला दिवस लागतात आणि तोवर कैद्याला जामीन मिळालेला असू शकतो. त्याला रुग्णालयात न्यायचे तर पोलीस बंदोबस्त लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमली पदार्थ प्रकरणातील एक आरोपी ससून रुग्णालयातून पळून गेल्यानंतर कैद्यांच्या रुग्णालय-वाऱ्यांवर राज्यभर चर्चा झाली होती.

यावर उपाय म्हणजे यंत्रच कारागृहात नेणे. क्षयरोग निदानासाठी ओळखीचे झालेले जीनएक्स्पर्ट आणि गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट या दोन्ही यंत्रांवर वेगळे कार्ट्रिज किंवा चिप वापरून हेपेटायटिस सीचे आरएनए तपासता येते. निकाल तासाभराच्या आसपास मिळतो. एकाच दिवशी दोन्ही चाचण्या झाल्या, तर मधे माणूस हातातून निसटत नाही.

उपचार किती दिवसांचे?

सिरॉसिस नसलेल्या प्रौढ रुग्णाला सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या रोज एकदा, १२ आठवडे घ्याव्या लागतात. सिरॉसिस असल्यास डॅक्लाटासविरऐवजी वेल्पाटासविर दिले जाते. बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी आरएनए चाचणी करून विषाणू गेल्याची खात्री केली जाते. अमेरिकेत २०१३ मध्ये सोफोसबुविरच्या १२ आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती. नंतर भारतीय कंपन्यांनी जेनेरिक गोळ्या बनवल्या आणि खर्च कितीतरी पटींनी खाली आला. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. कैद्यांचा समावेश या कार्यक्रमाने जोखमीच्या गटांत केला आहे.

मोहिमा पुरेशा आहेत का?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने (नॅको) २०२३ च्या उन्हाळ्यात देशभरातील कारागृहांत गुप्तरोग, एचआयव्ही, क्षयरोग आणि हेपेटायटिस यांची एकत्रित तपासणी मोहीम घेतली. अशी मोहीम उपयोगी असते, पण ती त्या महिन्यात आत असलेल्यांपुरतीच. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. वर्षभरात आत आलेल्यांची संख्या मात्र सुमारे १८ लाख होती. एवढी ये-जा असताना वर्षातून एकदा घेतलेल्या मोहिमेत बहुतेक जण सुटून जातात. तपासणी प्रवेशाच्या वेळीच व्हायला हवी.

कायद्यातही त्याला आधार आहे. कारागृह अधिनियम १८९४ च्या कलम २४ नुसार नव्या कैद्याच्या आरोग्याची नोंद ठेवावी लागते. संयुक्त राष्ट्रांचे ‘नेल्सन मंडेला नियम’ सांगतात की, कैद्याला बाहेरच्या नागरिकांच्या तोडीची आरोग्यसेवा मिळावी. अर्थात चाचणी संमतीने व्हावी आणि निकाल गोपनीय राहावा, अन्यथा कैदी पुढेच येणार नाहीत.

याचा परिणाम दिसतो का?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या चार कारागृहांत २०१४ ते २०१९ या काळात मोठ्या प्रमाणावर उपचार देण्यात आले. दर १०० व्यक्ती-वर्षांमागे नव्या लागणीचे प्रमाण ८.३१ वरून ४.३५ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आले. उपचार घेतलेल्यांपासून इतरांना होणारी लागणही त्यामुळे थांबली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये हेपेटायटिस सीचे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. २०३० पर्यंत नव्या लागणीत ९० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट आहे.

सुटका झाल्यावर काय?

उपचार १२ आठवड्यांचे आणि जामीन सहाव्या आठवड्यात, असे सहज घडू शकते. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी विषाणू पुन्हा वाढू शकतो. म्हणून सुटकेच्या दिवशी कैद्याच्या हाती तीन गोष्टी हव्यात : चाचणीचे अहवाल, उरलेल्या गोळ्या आणि जवळच्या शासकीय उपचार केंद्राच्या नावाने चिठ्ठी. राहू परिसरातील माणसाला त्यासाठी आधी राहूचे प्राथमिक आरोग्य केंद्र, यवतचे ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय गाठून पुढची दिशा विचारता येते. १०४ या राज्याच्या आरोग्य सल्ला क्रमांकावरूनही माहिती मिळते.

घरच्यांनी घ्यायची काळजी साधी आहे. त्याचे ताट-तांब्या वेगळा करायची गरज नाही. दाढीचे ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा असावा. बाधित व्यक्तीने दारू पूर्ण बंद करावी, कारण ती यकृताची हानी झपाट्याने वाढवते. भेटीला गेलेल्या नातेवाइकांनी ‘तुझी रक्ततपासणी झाली का, काय निघाले’ एवढे विचारले, तरी गोळ्या अर्धवट सुटण्याचा धोका कमी होतो.